पिल्लांपाशी एक जण थांबते

जामसावळीच्या पिंपळाखाली जो पहुडलेला आहे आणि तरीही ज्याची जाग कधी मोडत नाही, त्या मारुतीरायाला प्रथम वंदन. दक्षिण दिशेचा जो स्वामी आहे, ज्याच्या दारी आपणां सर्वांना आज ना उद्या जाऊन उभे राहायचे आहे, त्या वैवस्वत यमधर्मालाही वंदन. आज भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे अविधवा नवमी. माझी पत्नी सुमती हिचे वर्षश्राद्ध गेल्या माघात पार पडले. त्यानंतरची ही तिची पहिली नवमी. पान वाढून झाले आहे, पाहुणे गेले आहेत, आणि मन काही जागेवर येत नाही, म्हणून लिहावयास बसलो आहे.

भाद्रपद लागला की आमच्या सौसर-पांढुर्ण्याकडील संत्र्याच्या बागांतून एक वास येऊ लागतो. पिकल्या संत्र्याचा वास सर्वांच्या परिचयाचा असतो. हा त्याच्या आधीचा असतो. कडसर, ओला, किंचित गोड. या दिवसांत फळगळ होते. झाडावर दिसायला धडधाकट, हिरवेगार असलेले फळ काही कारण न सांगता देठ सोडते आणि काळ्या मातीवर येऊन पडते. शेतकरी औषध मारतो, खत देतो, पाण्याचा निचरा पाहतो, तरी काही फळे गळतातच. ती वेचून बागेच्या कडेला खड्ड्यात पुरून टाकावयाची असतात. नाहीतर त्यांचा रोग राहिलेल्या फळांना लागतो. आमच्या रामाकोन्याच्या बागेत हे काम सुमती स्वतः उभी राहून करवून घेत असे. ज्या वर्षी आमच्या घरी ते घडले, त्या वर्षापासून या कामासाठी तिने बागेत पाऊल ठेवले नाही.

वसुधा आमची एकुलती एक. लग्नानंतर ती जावईबापूंसह आफ्रिकेतील झांबिया देशात राहावयास गेली. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे ती सातव्या महिन्यात सौसरला आली. मुलगी झाली. नागपूरच्या दवाखान्यातून बाळंतीण आणि बाळ सुखरूप घरी आले. सुमतीने बाळंतविडे बांधले, ओव्याची धुरी दिली, पाळण्याला रंग दिला. तो पाळणा टांगण्याचा प्रसंगच आला नाही. बारशाच्या आधीच त्या पोरीला ताप भरला आणि दिवस मावळायच्या आत ती गेली.

इतक्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत. बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुना आवळा आहे, त्याच्या मुळाशी मी तिला मातीच्या स्वाधीन केले. वर मीठ, त्यावर माती, मातीवर दुधाची धार. घरी आलो तेव्हा वसुधा भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारले, "बाबा, हिच्या नावाचं पाणी केव्हा सोडाल?"

मी तिला शास्त्र सांगितले. दात न आलेल्या बालकाला उदक नाही, पिंड नाही. त्याच्यामागे कसलेही ऋण राहिलेले नसते, ते निर्मळ असते, त्याला पोहोचवावे असे आपल्यापाशी काहीच नसते. आयुष्यभर मी शाळेत संस्कृत शिकविले आणि सकाळ-संध्याकाळ लोकांच्या घरची कार्ये केली. हे वाक्य मी अनेक माउलींपाशी बोललो आहे आणि त्यावर माझी आजही श्रद्धा आहे. वसुधाने ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "ठीक आहे. पण बाबा, ती तिथं एकटी आहे का?"

या प्रश्नाचे उत्तर मी कोणत्याच पोथीत वाचलेले नव्हते.

अंगात शक्ती येताच ती परत गेली. मग दिवाळी आली, गेली. संत्र्याचा बहर आला, तोडा झाला. ती आली नाही. फोनवर बोलत असे. पाऊस किती झाला, भाव काय निघाला, सारे विचारीत असे. बागेचे नाव मात्र काढीत नसे. शेवटी एके दिवशी सुमती म्हणाली, "अहो, ती येत नाही ना, तर आपण जाऊ."

"पितृपक्ष येऊन राहिला," मी म्हणालो. "या दिवसांत प्रवास नको."

"पितरांना काय, ते तिकीट न काढता येतात. तुम्ही आपल्या तिकिटाचं पाहा."

तिने उडदाचे पीठ, तीळ आणि दर्भ अशी सामग्री माझ्या धोतरांच्या घडीत दडवून नेली. परदेशच्या विमानतळावर एका तरुण अधिकाऱ्याने ती काळ्या तिळांची पुडी नाकाशी धरून पाहिली, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. सुमती त्याला मराठीतून समजावीत होती, "बाबू, ते सासऱ्यांचं आहे, ठेव."

त्या देशात तेव्हा उन्हाळ्याचे तोंड होते. बहुतेक झाडे पानांविना उभी, माती विटेसारखी लाल, आणि हवेत जळलेल्या गवताचा वास. वसुधाने आम्हांला तिथले मोठे अभयारण्य दाखवावयास नेले. जावईबापूंना कामावरून सुटी मिळाली नाही, म्हणून आम्ही तिघेच. नदीच्या काठी गवताने शाकारलेल्या खोल्या होत्या. पाण्यात पाणघोडे दिवसभर डुंबत आणि मधूनच एकत्र खो-खो हसल्यासारखे ओरडत. सुमती म्हणाली, "हे आपल्या ग्रामपंचायतीच्या बैठकीसारखे आहेत. दिसत काही नाही, आवाज मात्र भारी." वसुधा हसली. पुष्कळ दिवसांनी तिला हसताना पाहिले.

षष्ठी तिथेच आली. ती माझ्या वडिलांची तिथी. मी नदीकाठी दक्षिणेस तोंड करून तर्पण केले. तिथल्या स्वयंपाक्याने सुमतीला अर्धी शेगडी दिली, तीवर तिने वडे तळले, खीर केली, पोळ्या लाटल्या. गाईचे पान एका म्हाताऱ्या बकरीने स्वीकारले. कावळा लगेच आला. तिथला कावळा आपल्यासारखा नखशिखांत काळा नसतो. त्याच्या छातीवर पांढरी बंडी घातल्यासारखा पट्टा असतो. सुमती म्हणाली, "मामंजी बंडी घालूनच आले, पाहा." मुंग्यांना तर काही सांगावे लागलेच नाही. राहिले कुत्र्याचे पान. अभयारण्यात पाळीव कुत्रे ठेवू देत नाहीत. ते पान तसेच झाकून राहिले, आणि सुमतीचा जीव त्या पानात अडकला.

दुपार कलल्यावर आमचा वाटाड्या जोसेफ उघडी जीप घेऊन आला. वसुधाशी तो इंग्रजीत काही बोलला आणि ती आम्हांला म्हणाली, "चला, आज रानकुत्र्यांचं बीळ पाहायला मिळणार आहे. पिल्लं बाहेर आली आहेत."

"कुत्र्यांचं?" सुमतीने विचारले, आणि ती पुन्हा खोलीत गेली.

वाट पुष्कळ होती. मोपाने नावाच्या तिथल्या वृक्षांच्या लालसर पानांतून जीप हळूहळू चालली होती. एका जुन्या वारुळापाशी जोसेफने यंत्र बंद केले आणि बोट दाखविले. आधी मला काहीच दिसले नाही. मग वाळक्या गवतातून एक कान वर आला. केवढा तो कान. गोल, काळा, पळसाच्या पानासारखा. मग दुसरा. आणि मग साऱ्या रानातून जणू कान उगवले.

आपल्याकडे पेंचच्या रानात जी तांबूस रानकुत्री असतात त्यांच्याहून ही निराळी. उंच, सडपातळ, आणि अंगावर काळे, पिवळे, पांढरे ठिपके असे काही फासलेले, की कोणा दोघांचे अंग सारखे नाही. ती पाहताच माझ्या अंगावर काटा आला. यमधर्माच्या दारी दोन श्वान असतात, सरमेचे पुत्र. एक श्याम, म्हणजे काळा, आणि दुसरा शबल, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा. श्राद्धात कुत्र्याचे पान ठेवतो ते त्या दोघांच्या नावाने. काळा कुत्रा मी जन्मभर गल्लीत पाहत आलो. शबल कसा असतो ते मात्र मी त्या दिवशी, आपल्या देशापासून समुद्रापलीकडे, प्रथम पाहिले. माझे हात आपोआप जोडले गेले.

इतक्यात माझ्या शेजारी पदराची सळसळ झाली. सुमतीने पिशवीतून झाकलेले पान काढले होते.

"आई, हे काय करून राहिली वो तू?" वसुधा दबक्या आवाजात म्हणाली.

"काय म्हणजे? कुत्रे आहेत म्हणून तर आणलं. सकाळपासून मामंजी उपाशी बसले आहेत."

जोसेफने मागे वळून ते वडे पाहिले. त्याला काही कळेना. वसुधाने त्याला समजाविले. काय समजाविले देव जाणे. त्याने टोपी काढली, अतिशय अदबीने मान हलविली आणि सांगितले, की इथे कोणालाही काही घालावयाचे नाही. ती आपले आपण खातात.

"म्हणतो, ते फक्त शिकार खातात," वसुधा म्हणाली.

"श्राद्धाचा वडा खाऊन तर पाहावा म्हणा," असे पुटपुटत सुमतीने पान पुन्हा झाकले आणि मांडीवर घेऊन बसली. पुढचा सारा वेळ ते तिच्या मांडीवरच होते.

वारुळाच्या तळाशी एक भोक होते. त्यातून पिल्ले बाहेर आली. पाय लांब, पोट वाटोळे, कान अजून अंगाला मोठे होणारे. ती एकमेकांची शेपटी ओढीत, पडत, परत उठत. त्यांच्याजवळ एकच मोठी कुत्री आडवी पडली होती. तिचा एक कान फाटलेला होता. पिल्ले तिच्या अंगावरून चढून जात, तिचे ओठ चावीत, आणि ती डोळे मिटून घेई. बाकीची मोठी सारी उठली, एकमेकांना हुंगली, पक्ष्यांसारखी चिवचिवली, आणि शिकारीसाठी एका रांगेत गवतात नाहीशी झाली. ही मात्र उठली नाही. तिने केवळ मान वर करून बाकीची गेली त्या दिशेला पाहिले.

"हिला नाही नेलं?" सुमतीने विचारले.

वसुधाने जोसेफला विचारून सांगितले, "नाही. कुणीतरी एक जण पिल्लांपाशी थांबतेच. ही पिल्लं तिची नाहीत, आई. ही नुसती थांबली आहे."

"मग हिच्या जेवणाचं?"

"ते आणतील. पोटातून. पिल्लांनाही आणि हिलाही."

आणि तसेच झाले. ऊन तिरपे झाल्यावर शिकारीला गेलेली परतली, तोंडे लाल माखलेली. पिल्ले धावली, त्यांच्या ओठांना झोंबली, आणि मोठ्यांनी आपल्या पोटातून आणलेले मांस मातीवर काढून दिले. फाटक्या कानाची मागून आली. तिनेही मागितले. तिलाही मिळाले. मी जन्माचा शाकाहारी, रक्त पाहिले तर तोंड फिरविणारा. परंतु त्या दिवशी मला किळस आली नाही. पंक्तीत शेवटच्या माणसापर्यंत वाढून मगच हात धुणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत.

परतीच्या आधी वसुधाने जोसेफला आणखी एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर ऐकून ती पुन्हा बिळाकडे पाहू लागली. जीप मोपान्यांतून बाहेर पडल्यावर मी विचारले, तेव्हा म्हणाली, "मी विचारलं, पिल्लं पहिल्यापासून इतकीच होती का. तर नाही. आधीच्या बिळापाशी सिंह आला होता. एक नेलं. मग मी विचारलं, त्यांची आई काय करते अशा वेळी."

"काय करते?"

"जागा बदलते. राहिलेल्यांना तोंडात धरून दुसरीकडे नेते. त्या बिळाकडे परत जात नाही."

मी तिच्याकडे पाहिले. ती समोर, लाल धुळीकडे पाहत होती. ती सौसरला का येत नाही हे मी तिला कधी विचारले नव्हते, आणि त्यानंतर विचारण्याची आवश्यकता उरली नाही. सुमतीने एक हात पानावर ठेवला होता. दुसरा तिने लेकीच्या पाठीवर ठेवला. खोलीशी आलो तेव्हा तिने ते पान जोसेफच्या हाती दिले. त्याच्या घरी, रानाबाहेरच्या गावात, कुत्रा होता. दुसऱ्या सकाळी तो हसत सांगू लागला, की कुत्र्याने वडे खाल्ले. एक त्याच्या बायकोनेही खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाली. सुमतीला ते फार आवडले. "सासूबाई पण हेच म्हणायच्या," ती म्हणाली.

आम्ही परतलो. पुढे सुमतीला दम लागू लागला. तिचे हृदय थकले आहे असे डॉक्टरांनी सांगितले. त्याच वर्षी माघात, उन्हे नुकतीच चढू लागली असता, ती तुळशीपाशी बसली होती ती बसल्याजागीच गेली. वसुधाला विमान मिळून ती घरी पोहोचेपर्यंत चितेची राखही निवली होती. पुढचे सारे विधी तिने माझ्याजवळ बसून करविले. परंतु त्याही वेळी ती रामाकोन्याला गेली नाही. घर ते नदी, नदी ते घर, एवढेच.

या वर्षी नवमीसाठी ती आपण होऊन आली. सुमतीची बालमैत्रीण, पांढुर्ण्याच्या मंदाताई, यांना सवाष्ण म्हणून बोलाविले होते. वसुधाने आईच्या हातची सारी रीत सांभाळली. मंदाताई पहिला वडा मोडून म्हणाल्या, "चांगला झाला बाप्पा. सुमती असती तर मात्र म्हणाली असती, काऊन वो वसू, इतका जाड? गाडीला चाक लावायचं होतं काय?" सगळ्या हसल्या, आणि हसता हसता मंदाताईंनीच आधी पदर डोळ्यांना लावला. वसुधाने त्यांची ओटी भरली.

पाने वेगळी काढली. गाईचे, कावळ्याचे. कुत्र्याचे पान हाती घेऊन मी दाराशी आलो. आमच्या गल्लीत कुत्र्यांना तोटा नाही. वसुधा मागून आली आणि माझ्या हातातून तिने ते पान घेतले.

"हे बागेत नेऊ, बाबा."

आम्ही दोघे रामाकोन्याला निघालो. बागेत शिरताच तो वास आला. झाडांखाली हिरवी फळे पडली होती. वसुधा चालताना एकेका फळाला पाय चुकवीत होती. धुऱ्यावरचा आवळा बारीक पानांनी भरला होता. त्याच्या मुळाशी गवत वाढले होते. तिथे काही आहे असे कोणाला सांगूनही पटले नसते. वसुधाला मात्र सांगावे लागले नाही. तिने गवतावर पान ठेवले. बागेचा म्हातारा कुत्रा उठून आला. कावळा माणसाला वाट पाहावयास लावतो, कुत्रा लावीत नाही. त्याने शेपटी हलवीत पान चाटूनपुसून घेतले आणि तिथेच, आवळ्याच्या सावलीत, अंगाचे मुटकुळे करून तो निजला.

मी हात जोडले. मंत्र संपला तरी ते सोडवेनात. तेव्हा वसुधा म्हणाली, "बाबा, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. झांबियातून तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी आई माझ्यासोबत भांडी आवरून राहिली होती. मला म्हणाली, ती फाटक्या कानाची कुत्री पाहिली ना वसू? मला काही शिकारीला जाणं जमायचं नाही. आता माझं वय थांबायचं आहे. मी पुढं जाऊन थांबते पोरीपाशी. तू जीव नको टांगू."

वारा नव्हता. दूर कोठेतरी एक फळ पडल्याचा मऊ आवाज झाला.

"मी तिच्यावर ओरडली, बाबा. असं काऊन बोलून राहिली म्हणून. तर हसली नुसती." वसुधा खाली बसली आणि तिने गवतावर तळहात ठेवला. "आता एकटी नाही ती."

ज्या प्रश्नाचे उत्तर मला शास्त्रात मिळाले नव्हते, ते सुमती भांडी आवरता आवरता देऊन गेली होती. दिलेला शब्द पाळण्याची तिला सवय होती. एवढे खरे, की तो पाळण्यासाठी तिला या घरातून उठून जावे लागले, आणि इकडे चूल, तुळस, देवघर आणि मी, असे सारे तिच्याविना आहोत. सकाळी चहाचे आधण ठेवताना माझा हात अजूनही दोन कपांचे पाणी मोजतो. मी जाणता माणूस आहे. आत्म्याला शोक नसतो हे मी मुलांना शिकविले आहे. तरीही त्या आवळ्याखाली उभे असताना मला त्या निजलेल्या बाळाचाही क्षणभर हेवा वाटला.

"चल," मी म्हणालो. "ऊन उतरून राहिलं."

"तुम्ही व्हा पुढं, बाबा," वसुधा म्हणाली. "मी थांबते थोडी."

इतक्या वर्षांनी ती त्या जागी आली होती आणि थांबते म्हणत होती. मी तिला घाई केली नाही. गळलेल्या फळांना पाय चुकवीत, तिच्यासारखाच, मी झाडांच्या ओळीतून रस्त्याकडे निघालो. वळून पाहिले तेव्हा आवळ्याखाली एक कुत्रा निजला होता आणि त्याच्यापाशी माझी लेक बसली होती, मान वर करून, मी जात होतो त्या दिशेला पाहत.

वाचकहो, आपल्या घरी लेकरे असोत, त्यांची पोटे भरलेली असोत. घरची सारी माणसे कामाला बाहेर पडतील तेव्हा कोणीतरी एक जण मागे थांबणारी असो, आणि परत येणाऱ्यांनी तिच्यासाठीही आठवणीने काही आणलेले असो. ज्या घरातील कोणी अकाली मातीत गेले असेल, त्याच्यापाशी आपल्यातलेच कोणी प्रेमाने बसलेले आहे, असा विश्वास त्या घराला लाभो. आपल्या उंबरठ्यावर ठेवलेले पान कधी वाया न जावो. इति शुभं भवतु.